परसांतलें धन

परसांत उगवलेली वस्तु वाटावी कीं विकावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. ज्यांच्या घराभोंवतीं परसच उरलें नाहीं त्यांस तर तो थट्टेचाच वाटेल. आणि ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत असे लोक आतां बहुसंख्य आहेत. तरीहि हा प्रश्न नीतिशास्त्राच्या अगदीं उंबरठ्यावरचा आहे असें आमचें मत आहे. मनुष्य आपल्या मालमत्तेशीं कोणत्या नात्यानें राहतो, हें त्याच्या तिजोरीवरून जितकें कळत नाहीं तितकें त्याच्या परसावरून कळतें.

आमचें बालपण डोंबिवलींत एका बैठ्या घरांत गेलें. घर व परस मिळून सारा पसारा पांच गुंठ्यांचा. विहिरीशेजारीं दोन नारळ, मोरीच्या पाण्यावर पोसलेलें अळू व केळीचें बेट, कुंपणावर तोंडलीचा वेल, पुढच्या अंगणांत जास्वंद, आणि मागच्या कोपऱ्यांत शेवगा. शेवगा लागला कीं घरच्या माणसांस तो आटोपत नसे; मग आई शेंगांच्या जुड्या बांधून आळींत वाटी. शेजारच्या काकूंनीं मात्र, काका वारल्यानंतर, आपल्या परसांतलीं फुलें, अळूच्या जुड्या व केळीचीं पानें विकण्यास आरंभ केला होता. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं त्यांच्या दारांत गिऱ्हाइकांची गर्दी होई. आमच्या घरीं त्यांच्याविषयीं बोलतांना आवाज किंचित् उतरे. ‘विकतात बिचाऱ्या,’ एवढेंच म्हटलें जाई. त्या ‘बिचाऱ्या’ शब्दांत दया किती व तुच्छता किती, याचा हिशेब आम्हीं पुष्कळ वर्षें केला नव्हता.

या लाजेचें मूळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्कालीं वैश्यवृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणानें काय काय विकूं नये याची लांबलचक यादी आहे. दूध विकणारा ब्राह्मण तीन दिवसांत शूद्र होतो असेंहि तेथें सांगितलें आहे. ग्रीक तत्त्ववेत्त्या ॲरिस्टॉटलनेंहि आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत जोड्याचा दृष्टांत देऊन म्हटलें आहे कीं, जोडा पायांत घालणें हा त्याचा एक उपयोग व बदल्यांत देणें हा दुसरा. आणि संसारापुरतें मिळविणें व पैशासाठीं पैसा मिळविणें यांत त्यानें भेद केला आहे. पहिल्या मतांतला जातिगर्व बाजूस सारला तरी दोहोंत मिळून एक तथ्य उरतें. वाटलेली शेंगांची जुडी कधीं कैऱ्या होऊन, कधीं आजारपणांतली सोबत होऊन घरीं परत येते. विकलेल्या जुडीचा संबंध सुट्या पैशांवर संपतो.

परंतु येथें एक गोष्ट सोयीस्करपणें विसरली जाते. आमच्या घरीं दर महिन्यास वडिलांचा पगार येत असे. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आणि १८५४ सालीं कल्याणास आगगाडी पोंचली. पुढें तिच्याच आधारें मुंबईस चाकरी व येथें बिऱ्हाड असा संसार हजारों कुटुंबांनीं थाटला. पगार गाडीनें येई, म्हणून शेवगा वाटतां येई. काकूंच्या परसामागें असा पगार नव्हता. त्यांच्या मुलाची फी त्या जुड्यांतून भरली जाई. तेव्हां ज्यास आम्ही नीति समजत होतों ती बरीचशी ऐपत होती.

याचा पडताळा आजहि पाहतां येतो. पावसाळ्याच्या तोंडाशीं शहापूर-मुरबाडकडील ठाकूर व कातकरी बायका शेवळें घेऊन, आणि पुढें टाकळा, कुर्डू, करटोलीं घेऊन आमच्या स्टेशनांबाहेर बसतात. विक्रीची लाज बाळगणारे आम्ही सुशिक्षित लोक त्यांच्यापुढें उभे राहून घासाघीस करतों. शेवळांची खाज मोडण्यासाठीं लागणारीं काकडाचीं फळें वर फुकट मागतों. विकणें हलकें, आणि विकणाऱ्याचा भाव पाडणें मात्र व्यवहारचातुर्य, ही कोणती नीति?

अमेरिकन लेखक थोरो याचें ‘वॉल्डन’ हें पुस्तक १८५४ सालींच, म्हणजे गाडी कल्याणास पोंचली त्याच वर्षीं, प्रसिद्ध झालें. त्यांत त्यानें आपल्या शेतीचा हिशेब मांडला आहे: उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्ध्या सेंटापर्यंतचा हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. पण त्याच्या झोपडीची जागा मित्र एमर्सन याची होती. तिच्या किंमतीचा रकाना त्याच्या वहींत नाहीं. आमच्या वहींतहि एक रकाना कोरा होता. शेवग्याचें श्रेय घराच्या औदार्याकडे जाई. विहिरीचें पाणी मात्र आई शेंदीत असे. तिच्या अखेरच्या आजारांत एकदां शेजारच्या काकूंचा विषय निघाला. आई म्हणाली, ‘अरे, मलाहि विकावंसं वाटायचं. चार पैसे माझे म्हणून हातांत आले असते. पण ह्यांच्या कानावर गेलं असतं तर?’ नीतिशास्त्रावर पुष्कळ वर्षें व्याख्यानें दिल्यानंतर हें वाक्य ऐकण्याचा योग आम्हांस आला. जिच्या हातून दान होत होतें तिला विकण्याची मोकळीकच नव्हती. आणि जेथें न देण्याचें स्वातंत्र्य नाहीं तेथें देण्याचें पुण्य कोणाच्या खातीं मांडावें?

आतां त्या पांच गुंठ्यांचा हिशेब ५४४५ चौरस फूट असा होतो, आणि त्यावर इमारत उठवूं इच्छिणाऱ्यांचे प्रस्ताव आम्हां भावंडांपुढें आहेत. नवल हें कीं, ज्या घरास शेंगांची जुडी विकण्याची लाज वाटे त्यास परस विकण्याची वाटत नाहीं. लहान विक्रीस लाज व मोठ्या विक्रीस प्रतिष्ठा, हा जगाचा न्यायच दिसतो. वस्तुतः उलट असावयास हवें. काकूंनीं तीस वर्षें जुड्या विकल्या आणि परस राखलें. आम्हीं तीस वर्षें जुड्या वाटल्या आणि आतां परसच विकण्यास निघालों. उत्पन्न घेणारा मुळास पाणी घालतो, किंमत घेणारा मूळच देऊन टाकतो.

शहरास घरें लागतात, भावंडांसहि गरजा आहेत. तेव्हां विकणें हें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वाटावें कीं विकावें, यापेक्षां उद्यां पुन्हां उगवेल असें कांहीं आपण मागें ठेवतों कीं नाहीं, हा प्रश्न अधिक मूळचा आहे, एवढेंच आमचें म्हणणें. आम्हीं अद्याप सही केलेली नाहीं. करणारच नाहीं असें छातीठोकपणें सांगवतहि नाहीं. यंदा मात्र शेवगा भरून लागला तेव्हां अर्ध्या जुड्या आळींत वाटल्या, आणि अर्ध्या, घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईंस बाजारांत विकून पैसे ठेवून घेण्यास सांगितलें. त्या विकून आल्या आणि म्हणाल्या, ‘भाव चांगला मिळाला.’ त्यांच्या स्वरांत आम्हांस लाजेचा लवलेशहि आढळला नाहीं.