नाताळाचा पाहुणा

नाताळास घरी पाहुणा उतरला असता त्यास काय द्यावे, ही चिंता गरीब घरास फार पोखरते. कारध्याहून वैनगंगा ओलांडली की भंडारा. तेथील पितळी भांड्यांची ख्याती मोठी. लोकलाजेस्तव उसनवारी करून एखादा गडू आणावा, असे मनात येते. आमच्याही आले आहे! पण गडू पाहुण्याबरोबर जातो, आणि कर्जाची फेड आपल्या लेकरांच्या ताटातून होते.

शूनेमची ती बाई आठवा. ती सधन होती, तरी अलीशा संदेष्ट्यास तिने सोनेरुपे दिले नाही. वाटसरूस काय उणे आहे हे पाहून, नवऱ्यास सांगून, तिने लहानशी माडी करविली. तीत खाट, मेज, चौरंग व दिवा. दिवादेखील! परक्या घरी अंधारात चाचपडणे काय असते, हे तिने न विचारता ओळखले.

तर आपणही पाहुण्याकडे नीट पाहू या. वृद्ध आत्याबाई नदीवरच्या वाऱ्याने कुडकुडतात काय? जुन्या लुगड्यांची वाकळ आजच शिवावयास घ्या. गुरुजींच्या पिशवीचा बंद तुटला आहे? ते निजल्यावर शिवून ठेवा. परतीची वाट लांब असेल, तर नव्या धानाचे पोहे पुरचुंडीत बांधून द्या, आणि निरोप देताना पुलापर्यंत सोबत जा.