खेळणे कोणाचे, बोध कोणाचा?

शिंपल्यात साबणाचे पाणी घेऊन नळीने बुडबुडे फुंकणारे मूल सतराव्या शतकातील डच चित्रांत वारंवार भेटते. माणूस म्हणजे बुडबुडा, हा प्राचीन लॅटिन बोध जाणत्या प्रेक्षकाला त्यात दिसावा, अशी अपेक्षा असे. याकोब काट्सच्या १६२५ मधील विवाहविषयक ग्रंथात तर भोवरा आणि पतंगही प्रौढांना उपदेश करू लागतात. एडी डे योंग यांनी अशा चित्रांतील दडलेला बोध उलगडला. डच कलेचे बळ वर्णनात आहे, असे म्हणत स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये त्याला हरकत घेतली. हा वाद केवळ पद्धतीचा मानला जातो. वस्तुतः तो नैतिक आहे: दुसऱ्याच्या आनंदाला आपल्या शहाणपणाचा दाखला करण्याचा अधिकार कोणाला?

चित्राच्या चौकटीबाहेर, मातीच्या वस्तूंपुढेही हा प्रश्न उभा राहतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीसोबत मस्तकहीन स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. काटकीच्या आधाराने मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता येते. अभ्यासकांनी तिला देवता मानले. वस्तू जपून पुरलेली असल्याने ते सयुक्तिकही आहे. मात्र काटकीची ती युक्ती कोणत्याही पोराला सुचण्यासारखी आहे. शिरूर-दौंडकडे ज्याच्या दावणीला बैल नाही, तो पोळ्याला मातीचे बैल पुजतो आणि पूजा आटोपली की तेच बैल पोरांच्या हाती जातात. माती तीच राहते. देव की खेळणे, हे ती सांगत नाही.

म्हणून बोध नेहमी वरून लादलेलाच असतो, असे मात्र नव्हे. इनामगावातच घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत मुले पुरलेली आढळली. ज्या घराने मूल गमावले आहे, त्याला फुटणारा बुडबुडा हा उपदेशकाचा अलंकार वाटणार नाही. सतराव्या शतकातील डच घरांनाही हा अनुभव परका नव्हता. आल्पर्स यांच्या बाजूने झुकणाऱ्या वाचकाने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

या परंपरेचा पूर्वज असलेल्या ब्रॉयगेलने १५६० मध्ये दोनशेहून अधिक मुले एकाच चित्रात खेळायला सोडली. त्यांतून मूर्खपणाचा बोध काढणारे समीक्षक झाले, निव्वळ खेळांची यादी पाहणारेही झाले. मुले मात्र कामात गढलेल्या माणसांसारखी गंभीर चेहऱ्याने आपापल्या डावात आहेत.