नचिकेताचा पहिला वर



आज कठोपनिषद उघडलं. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या नचिकेताला तीन वर मिळाले. आपण बोलतो ते तिसऱ्यावर, आत्मज्ञानाच्या. मी मात्र पहिल्यावरच अडकलो. ज्या वडिलांनी रागाच्या भरात त्याला मृत्यूला देऊन टाकलं, त्यांचंच मन शांत व्हावं, परत गेल्यावर त्यांनी आपल्याला ओळखून प्रेमाने बोलावं, हे त्याने सगळ्यात आधी मागितलं. ब्रह्मविद्या नंतर!

माझी यादी बघा: पगारवाढ, फ्लॅट, परदेश. बाबा त्यात कुठेच नाहीत. नोकरी सोडण्यावरून आमचं वाजलं, त्याला दीड महिना झाला. रोज ध्यान मात्र चालू आहे, बरं का!

आता बाबांना फोन लावणार आहे. काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.