राजधानीतील रहिवासी

१९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची तीन ठिकाणी वाटणी झाली आणि बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मेहकरसारख्या सीमेवरच्या गावातील मराठी माणसाची राजधानी शेकडो मैल दूर बंगळूरला गेली. याची खंत येथे अजून आहे. तथापि विधानसभेत आपला प्रतिनिधी पाठविण्याचा त्याचा हक्क शाबूत राहिला. विलक्षण योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्लीकराचा तोच हक्क नाहीसा झाला. १९५२ साली निवडलेली ४८ सभासदांची दिल्ली विधानसभा बरखास्त होऊन तो प्रदेश केंद्रशासित झाला. राजधानीपासून सर्वांत दूर असलेल्याला मत मिळाले, आणि संसदेच्या दाराशी राहणारा १९९३ पर्यंत विधानसभेवाचून राहिला. १९६६ च्या कायद्याने त्याला महानगर परिषद मिळाली खरी. पण तिचे काम सल्ला देण्यापुरतेच होते.

याचे समर्थन एका वाक्यात केले जाते : राजधानी सर्वांची आहे. हे वाक्य खोटे नाही, म्हणूनच ते घातक आहे. देवस्थानाचा दाखला घेऊ. देव हा कायद्याच्या दृष्टीने स्वतःच मालमत्तेचा धनी, मंदिर भक्तमात्राचे. कित्येक महाजन परगावी राहतात, जत्रेला येतात. गाभाऱ्याचा कारभार केवळ क्षेत्रवासीयांच्या हाती नसावा, हे कोणीही मान्य करील. परंतु त्या क्षेत्रातील विहिरीचे पाणी, मुलांची शाळा, रात्रीची राखण यांचाही निर्णय परगावच्या महाजनांनीच करावा, असे कोणी म्हणू लागला तर त्याला आपण धर्म म्हणू काय? देवाच्या शेजारी राहिल्याने कोणी आपल्या घरातला पाहुणा होत नाही.

मुंबईच्या बाबतीत हीच युक्ती योजली गेली होती. नगर बहुभाषिक, व्यापार साऱ्या देशाचा, म्हणून ते महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवावे, असा निर्णय १९५६ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी जाहीर केला. त्या वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्या लढ्यात शंभरांहून अधिक माणसांचे प्राण गेले. १ मे १९६० ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. त्यामुळे तिचे अखिल भारतीयत्व तिळभरही उणावले नाही. गोमंतकीय वाचकांनाही हे निराळे सांगावयास नको : १९८७ साली घटक राज्य होईपर्यंत गोव्याचा आवाज लोकसभेत होता, राज्यसभेत नव्हता.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र टाळता येत नाही. केंद्र सरकारचे आसन ज्या नगरीत आहे, तेथील बंदोबस्त दुसऱ्या पक्षाच्या सरकारच्या मर्जीवर कसा सोडावा? संसद, राष्ट्रपतिभवन, वकिलाती यांपुरता तो मुद्दा मला पटतो. पण १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला ७० सभासदांची विधानसभा देताना सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे विषय साऱ्या प्रदेशापुरतेच वगळले. गाभारा राखावयाचा म्हणून सगळे गावच देवळात घातले! दिल्लीकर लोकसभेवर सात सभासद निवडून देतो, हे उत्तर अपुरे आहे. त्याच्या गल्लीतील चौकीविषयी ते सात जण उरलेल्या पाचशेंवर अवलंबून असतात. अमेरिकेत तर वॉशिंग्टनच्या रहिवाशाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळण्यासाठी १९६१ ची घटनादुरुस्ती लागली, आणि प्रतिनिधिगृहात कायद्यावर मत देण्याचा अधिकार त्याच्या प्रतिनिधीला अद्यापही नाही.

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील प्रशासकीय सेवांवरचा अधिकार निर्वाचित सरकारकडे असल्याचा निर्णय दिला. आठवडाभरातच वटहुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार बदल्या-नेमणुकांची शिफारस तिघांचे प्राधिकरण करते : मुख्यमंत्री आणि दोन सनदी अधिकारी. निर्णय बहुमताने होतो. मतभेद झाल्यास उपराज्यपालांचा शब्द अखेरचा.