ऑप्शनला टाकलेली कविता

दहावीच्या वर्गात एक शब्दप्रयोग फार लवकर रुळतो : ऑप्शनला टाकणे. भूमितीतली रचना, इतिहासातलं एखादं कंटाळवाणं प्रकरण आणि इंग्रजीत बहुतेक वेळा कविता. 'कवितेला दहाच मार्क, बाकीचं पक्कं कर,' असा सल्ला क्लासमध्ये मिळतो आणि घरीही. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण तो चांगला हिशेबसुद्धा नाही.

राज्य मंडळाची इंग्रजी तृतीय भाषेची कृतिपत्रिका नीट पाहिली तर गंमत कळते. लेखी परीक्षा 80 गुणांची. त्यातले 20 गुण पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांवर, 15 गुण अपरिचित उतारा आणि त्याच्या सारांशावर, 10 गुण कवितेवर. हे उतारे आणि कविता पेपरातच छापलेल्या असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक गुणांचा मजकूर मुलाच्या डोळ्यांसमोर असतो. फक्त तो सावकाश वाचावा लागतो. नेमकी हीच गोष्ट अपेक्षित प्रश्नसंच शिकवत नाहीत, कारण वाचन गाइडमध्ये छापता येत नाही.

पाठांतराचा कस लागतो तो रसग्रहणात. पाच गुण, कवितेचं आणि कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. बेरकी मुलांकडे यासाठी एक तयार साचा असतो : 'द पोएम इज व्हेरी ब्यूटिफुल अँड इन्स्पायरिंग. द पोएट हॅज युज्ड सिंपल लँग्वेज.' कविता कुठलीही येवो. आता कुमारभारती या पाठ्यपुस्तकातली 'द ट्विन्स' घ्या. हेन्री ली यांची ही विनोदी कविता. दोन जुळे भाऊ, जन्मभर एकाच्या जागी दुसरा धरला जातो आणि शेवटी मरतो एक, शेजारी पुरतात भलत्यालाच. त्याखाली 'इन्स्पायरिंग' लिहिणाऱ्या मुलाने कविता वाचलेली नाही, हे कुणालाही कळावं. पण परीक्षकापुढे गठ्ठा असतो, घड्याळ असतं, आणि नाव, यमक, अलंकार बरोबर असले की गुण द्यावेच लागतात.

ही कॉपी आहे का? नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात 1982 चा कायदा आहे, केंद्रावर भरारी पथकं येतात. साचा मात्र कुठल्याच पथकाला सापडणार नाही. पेपराचं स्वरूप समजून घेणं, पत्रात प्रश्नात दिलेलंच नाव-पत्ता वापरणं, तक्त्यातला एकही मुद्दा न गाळणं, सारांशाला शीर्षक देणं ही सरळ, प्रामाणिक तयारी आहे. ती प्रत्येकाने करावी. न वाचलेल्या कवितेबद्दल 'मला ती सुंदर वाटली' असं लिहिणं मात्र साधं खोटं बोलणं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ते आपणच शिकवतो, तेही फी भरून.

आणि मग येतो सातवा प्रश्न. भाषांतर, पाच गुण. काही शब्द, दोन वाक्यं आणि एका गुणासाठी एखादा वाक्प्रचार किंवा म्हण. इथे सगळे साचे कोलमडतात. 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ' याचं उत्तर एखादा मुलगा 'कापडाप्रमाणे कोट कापा' असं लिहितो. इंग्रजी शब्द त्याला सगळे कळलेले असतात. अडतं ते मराठीत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे त्याच्या कानावर पडलेलंच नसतं, किंवा पडलं तेव्हा कानात इअरफोन होते. ज्या घरात आजी उठता-बसता म्हणी बोलते, तिथल्या मुलाला हा गुण क्लासशिवाय मिळतो. इंग्रजीच्या पेपरात मराठीची परीक्षा! हा प्रश्न ज्यांनी ठेवला, त्यांचे आभारच मानायला हवेत.

मंडळाने 2023 पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. बरीच मुलं ती समास आखण्यात आणि पुरवण्या बांधण्यात घालवतात. पालकहो, तेवढी दहा मिनिटं आजपासून रोज घरी काढा. एक कविता मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, आणि ती आवडली नाही असं तो म्हणाला, तर का नाही, ते त्याला दोन वाक्यांत इंग्रजीत लिहू द्या.