एकाच गोष्टीची दोन बिलं

पनवेलला आमच्या घरी स्वयंपाकाला एक मावशी येतात. त्यांची मुलगी वीस वर्षांची. गेल्या वर्षीपर्यंत बी.कॉम. करत होती. कधी प्रोजेक्टची प्रिंट काढायला, कधी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला ती आमच्याकडे यायची. मला दादा म्हणायची. असाच एक फॉर्म भरता भरता तिनं एकदा विचारलं, "दादा, एखाद्या मुलाबरोबर दिवसभर बाहेर गेलं, म्हणजे खोली घेऊन, तर ते चुकीचं असतं का?"

मी स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणालो, "दोघं सज्ञान आहात, दोघांची इच्छा आहे, काळजी घेताय. मग चुकीचं काय त्यात? नॉर्मल आहे."

हे उत्तर द्यायला मला चार-पाच सेकंद लागले असतील. त्यातलं एकही वाक्य मला आजही खोटं वाटत नाही.

ते दोघं हायवेवरच्या एका लॉजवर गेले. काउंटरवर आधार कार्ड द्यावं लागलं. काउंटरवरचा माणूस तिच्या मामाच्या ओळखीचा निघाला. संध्याकाळी ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. फोन गेला, कॉलेज गेलं. आता ती गावी आत्याकडे असते आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलगा पूर्वी जिथे कामाला होता तिथेच कामाला आहे.

बरेच दिवस मी गप्प होतो. मग एका सकाळी मावशींना सांगून टाकलं की तिनं मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. त्या कणीक मळत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले, तुमचं बरोबरच असेल. पण तुमचं काय गेलं?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. तेव्हापासून मी या प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

माझं काय गेलं, याचं उत्तर सोपं आहे. काहीच नाही. मुलीनं जे एकदा केलं, ते मी दोन वर्षं केलं होतं. ऐरोलीला नोकरी करताना मी आणि माझी तेव्हाची मैत्रीण एकत्र राहायचो. घरमालकानं आधी कुरकुर केली, पण दोघांची कंपनीची ओळखपत्रं आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट बघितल्यावर त्याची संस्कृती शांत झाली. बाहेरगावी गेलो तर हॉटेल अ‍ॅपवर बुक व्हायचं. रिसेप्शनवरची मुलगी 'वेलकम सर, वेलकम मॅम' म्हणायची आणि आमचं आधार कार्ड मागतानाही सॉरी म्हणायची. एकदा गोळीची गरज पडली, ती वीस मिनिटांत खाकी पिशवीतून दारात आली. पुढे आमचं मोडलं. मी चार महिने काउन्सेलरकडे गेलो, तिनं बेंगळुरूला नोकरी घेतली. दोघांच्याही आयुष्यात आता त्या दोन वर्षांचं नाव 'अनुभव' असं आहे.

मैत्रिणीचं बिल माझ्यापेक्षा मोठं होतं हे मान्य करतो. तिला आईशी खोटं बोलावं लागायचं, मला नाही. पण तिचं बिलही मावशींच्या मुलीच्या बिलाच्या आसपास पोचत नाही.

आता यातली तर्काची चूक बघा. वस्तीतले लोक म्हणाले, "बघा, काय झालं! म्हणून सांगतो असलं करू नये." म्हणजे वाईट परिणाम झाला, यावरून त्यांनी कृती वाईट ठरवली. मी काय केलं होतं? मला काही झालं नाही, यावरून कृती निरुपद्रवी ठरवली होती. मी स्वतःला पुरोगामी समजत होतो, पण कोडमध्ये बग एकच होता. दोघंही परिणामाकडे बघून कृतीचं मोल करत होतो. आणि परिणाम कृतीतून आलाच नव्हता. तो आला होता खोलीच्या भाड्यातून, काउंटरवरच्या माणसातून, दाराच्या जाडीतून. बिलाचा आकडा बघून आम्ही गुन्हा किती मोठा ते ठरवत होतो.

ही चूक फक्त माझी आणि वस्तीची असती तर लेख लिहिला नसता. पण आपल्या राज्यानं ती कायद्यात लिहून ठेवली होती, आणि त्याची सुरुवात आमच्या पनवेलमधूनच झाली.

माझ्या लहानपणी हायवेवरून एसटीनं येताना निऑनच्या पाट्या दिसायच्या. आई मला खिडकीकडून उठवून आतल्या बाजूला बसवायची. त्या डान्सबारांविरुद्ध विधानसभेत आवाज उठवणाऱ्यांत पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील पुढे होते. इथली तरुण पोरं बारमध्ये पैसे उधळून बरबाद होताहेत, संसार मोडताहेत, अशी तक्रार होती. मार्च २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली, मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून डान्सबार बंद झाले.

तक्रार खोटी नव्हती. आमच्याच घरात तिचा पुरावा होता. सिडकोनं नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, त्यात आमचीही गेली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना आली. भूखंड आले, ते बिल्डरांनी घेतले, आणि ज्या घरांत भात विकून वर्षाचं गणित बसवायचे तिथे एकदम रोकड आली. आमच्या थोरल्या काकांच्या वाट्याची रोकड हायवेवरच्या बारमध्ये गेली. घरात अजून म्हणतात, "बारवालीनं घर खाल्लं."

पण कायदा वाचल्यावर मी थबकलो. कलम ३३-अ नं परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर बंदी घातली. आणि लगेच पुढच्या ३३-ब नं थ्री-स्टार आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. तोच नाच, तीच दारू. काका बघत असतील तर समाज बिघडतो. काकांची जमीन घेतलेला बिल्डर तारांकित हॉटेलात बघत असेल तर तो कार्यक्रम.

१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. तारांकित हॉटेलात जाणाऱ्यांची नीतिमत्ता मुळातच वरची आणि साध्या बारमध्ये जाणाऱ्यांची खालची, या गृहीतकाला न्यायालयानं थारा दिला नाही. बंदीमुळे कितीतरी बायका वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या, याचीही नोंद घेतली. त्यावर सरकारनं काय केलं? २०१४ मध्ये सूट काढून टाकली आणि बंदी सगळ्यांना लागू केली. समानता आणायची वेळ आली तेव्हा ती बंदीच्या बाजूनं आली. तीही दुरुस्ती न्यायालयात अडली. मग २०१६चा नवा कायदा झाला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही बऱ्याच जाचक अटी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केल्या.

या चौदा वर्षांत बिल कुणी भरलं? बंदीच्या वेळी राज्यात सुमारे ७५ हजार बारबाला असल्याचं सांगितलं जायचं. त्यांतल्या कितीतरी जणी पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींतल्या होत्या. म्हणजे त्यांची कला, त्यांची जात आणि त्यांची 'लायकी' हे आपण आधीच एकत्र बांधून ठेवलेलं होतं. लावणी वस्तीतल्या फडावर असते तेव्हा आपल्याला ती अश्लील वाटते, आणि नाट्यगृहात तिकीट लावून येते तेव्हा ती महाराष्ट्राची परंपरा होते. गाणं बदलत नाही, बसणारे बदलतात.

आणि काका? त्यांची चूक होती. काकूला विचारल्याशिवाय, मुलांच्या वाट्याचे पैसे त्यांनी उडवले. ही खरी नैतिक चूक आहे आणि ती मी वर्गाच्या नावाखाली झाकणार नाही. पण ती चूक नाच बघण्याची नव्हती, काकूला फसवण्याची होती. घरात मात्र शिव्या पडल्या त्या बाईला, जिचं नावही आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. काकांना शिवी देणं म्हणजे आपल्याच माणसाला देणं. तिला देण्यात आपलं काही जात नव्हतं.

२०१५च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा परिसरातल्या हॉटेलांवर छापे टाकले. चाळीसेक जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढलं आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, असं कलम लावून बाराशे रुपये दंड केला. सज्ञान माणसं, दार लावलेली खोली, आणि कलम सार्वजनिक वर्तनाचं. पुढे यावर टीका झाली, चौकशीचे आदेशही निघाले. पण जुहूच्या पंचतारांकित हॉटेलात असा छापा पडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. स्वस्त खोलीचं दार कायद्याच्या नजरेत दारच नसतं. खासगीपण हा आपला मूलभूत हक्क आहे असं आपण म्हणतो, पण तो चौरस फुटाच्या भावानं मिळतो.

मराठीत या विषयावर सगळ्यात स्वच्छ विचार करणारा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांची कसोटी ढोबळमानानं अशी होती: ज्या कृतीनं कुणाचं नुकसान होत नाही, ती अनीती नव्हे. मावशींच्या मुलीला मी जे उत्तर दिलं, ते खरं तर याच कसोटीचं स्वस्त रूपांतर होतं.

स्वस्त अशासाठी की, कर्व्यांनी हा विचार मांडण्याची किंमत स्वतः मोजली. प्राध्यापकाची नोकरी गेली, आयुष्य पैशाच्या ओढीत गेलं. मी तो विचार फुकटात वाचला आणि वीस वर्षांच्या मुलीला फुकटात वाटला. बिल तिच्या नावावर फाटलं.

मग माझं उत्तर चुकीचं होतं का? यावर मी बराच अडकलो. 'तुझ्यासारख्या मुलीनं असं करू नये' असं म्हटलं असतं, तर मीही तेच कलम ३३-ब लिहिलं असतं: आम्हाला सूट, तुम्हाला बंदी. आणि 'नॉर्मल आहे' म्हटलं, तर माझं नॉर्मल तिच्यावर लादलं. दोन्हीकडून तिचंच नुकसान.

इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल स्टडी म्हणून तो ओळखला जातो. खालच्या श्रेणीतल्या नोकरांत मृत्यूचं प्रमाण वरच्या श्रेणीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि सिगारेट, रक्तदाब यांसारख्या कारणांचा हिशेब करूनही बराचसा फरक उरलाच. म्हणजे फक्त सवयी बघून माणसाचं काय होणार ते कळत नाही. माणूस शिडीच्या कुठल्या पायरीवर उभा आहे तेही बघावं लागतं. शरीराला जे लागू, ते अब्रूलाही लागू असावं.

म्हणून आता मला वाटतं, एकच प्रश्न पुरत नाही, दोन लागतात. पहिला कर्व्यांचा: यात कुणाचं नुकसान होतंय का, कुणाला फसवलं जातंय का? कृती बरोबर की चूक, ते यावरूनच ठरवायचं, परिणामाच्या बातमीवरून नाही. दुसरा मावशींचा: यात तुमचं काय जाणार आणि तिचं काय जाणार? हा प्रश्न तिला दोषी ठरवायला नाही, तर सल्ला देणाऱ्यानं स्वतःला विचारायला आहे. त्या दिवशी मी स्क्रीनवरून नजर हटवून एवढं तरी म्हणायला हवं होतं: "चुकीचं काही नाही. पण तुला त्रास होऊ शकतो, आणि तो तुझ्या चुकीमुळे नसेल. कुठे जाताय? कुणाला कळलं तर काय करशील? माझा नंबर आहे ना?" यात उपदेश नाही. ज्याच्याकडे गादी आहे, त्यानं थोडी सरकवायची एवढंच.

गेल्या आठवड्यात मी मावशींना मुक्त विद्यापीठाबद्दल सांगितलं. घरी राहून, लग्न झालं तरी, बी.कॉम. पूर्ण करता येतं, फॉर्म मी भरतो, फी मी भरतो. त्या म्हणाल्या, "तिच्या बापाला विचारते." मग थोड्या वेळानं, गॅस बंद करताना: "फी आम्ही भरू. तुम्ही फॉर्म भरा."

फॉर्म अजून भरलेला नाही. मुलीचा फोन अजून मामाकडेच आहे, आणि फॉर्मसाठी ओटीपी त्यावर येतो.