खेळ, दान आणि पाखरे

दान देताना माणसाने नेमके काय द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद केले आहेत. जो परतफेड करू शकत नाही अशा सत्पात्री, योग्य स्थळी-काळी दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. या कसोटीने पाहिले तर वाघ, गेंडा किंवा माळढोक यांच्याइतका उत्तम याचक मिळणे कठीण. तो आभार मानत नाही, कोनशिलेवर आपले नाव कोरत नाही, आणि मतही देत नाही.

तरीही या याचकासाठी दान गोळा करण्याची एक रीत मनाला कोडे घालते. बड्या शहरांतून गोल्फचे सामने भरवतात आणि वन्यप्राण्यांसाठी निधी उभा करतात. प्रवेशशुल्क भरायचे, एकेका खळग्यापाशी एकेका कंपनीची पाटी, एकाच टोल्यात चेंडू खळग्यात घालणाऱ्याला मोटार बक्षीस, रात्री जेवण आणि लिलाव. खर्च वजा जाता उरेल ते जंगलाला. यात वाईट काय? वनरक्षकाच्या पायांत बूट आले तर ते कुणाच्या पैशाचे, हे त्याने विचारू नये आणि आपणही विचारू नये. नाहीतरी तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी मेजवानीत गेलाच असता. हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो.

कारण अठरा खळग्यांचे मैदान म्हणजे शंभर-सव्वाशे एकर जमीन, रोजचे लाखो लिटर पाणी, शिवाय गवत हिरवे राहावे म्हणून खते आणि कीटकनाशके. याच कारणांसाठी १९९३ साली २९ एप्रिल हा दिवस जगभरच्या गोल्फविरोधकांनी 'गोल्फविरोधी दिन' म्हणून पाळला, आणि आपल्या शेजारच्या गोव्यातही अशा मैदानांना लोकांनी विरोध केला. म्हणजे खेळ आधी रानाचा घास घेतो आणि मग ताटात उरलेले शीत रानापुढे टाकतो. उलट अमेरिकेत ऑडुबन इंटरनॅशनल या संस्थेने १९९१ पासून गोल्फ मैदानांसाठी एक उपक्रम चालवला. त्यात मैदानाचा काही भाग कापणी न करता तसाच रानटी वाढू द्यायचा, पाणी आणि विषे कमी करायची. येथे देणगीची पावती नाही. खेळणाऱ्याने आपल्या खेळातलाच थोडा भाग सोडायचा. पैसा देणे आणि सुखातला वाटा देणे यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडच्या शिकाऱ्यांची गोष्ट याहून कडक आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास संस्थेच्या जुन्या सभासदांत बंदूकवाले पुष्कळ. त्यांनी प्राण्यांविषयी जिव्हाळ्याने लिहिले, निरीक्षणे नोंदली, आणि शिकारही केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्याकडे वर्गणी मागितली नाही, खेळच मागितला.

हे सारे बमरोलीच्या वाचकाला दूरचे वाटेल. येथे गोल्फचे मैदान नाही. उधना-पांडेसऱ्याच्या या पट्ट्यात यंत्रमाग आहेत, रंगाईच्या गिरण्या आहेत, नवापूरच्या अलीकडे येऊन पिढीभर राहिलेला आपला खानदेशी माणूस आहे. पण गच्ची आहे, आणि जानेवारीची १४ तारीख आहे. गच्चीला 'अगाशी' म्हणणारी आपली पोरे त्या दिवशी तिळगूळ खिशात टाकून 'काय पो छे!' ओरडतात, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणही सोडत नाहीत. सुरती मांजाचे नाव गुजरातभर आहे. काचेची पूड आणि रंग यांची लुगदी दोऱ्यावर घासणाऱ्या कारागिराची बोटे आधी चिरतात, मग आकाशात पंख चिरतात. कबुतर, घार, शराटी, बगळा. उंच घिरट्या घालणारा असो की सांजेला थव्याने घरट्याकडे परतणारा, दोरा कुणालाच दिसत नाही.

२०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. त्याच वर्षी गुजरात सरकारने 'करुणा अभियान' सुरू केले. संक्रांतीच्या आगेमागे वनखाते, पशुवैद्य आणि जीवदयेच्या संस्था मिळून जखमी पक्ष्यांवर उपचार करतात. पंखाला टाके घालणारे ते तरुण हात पाहिले की टीका करायची जीभ आपोआप आवरते. आणि तरीही, जीवदयेची पावती फाडून तोच माणूस पुन्हा फिरकी हातात घेतो तेव्हा गोल्फच्या मैदानावरचा लिलाव आठवतो. दंड भरला, आता खेळायला मोकळे!

या अभियानात वर्गणीपेक्षा मोलाची एक विनंती असते: भल्या सकाळी आणि संध्याकाळी पतंग उडवू नका, ती पाखरांच्या जाण्यायेण्याची वेळ आहे. ही मागणी खिशाला हात घालत नाही, म्हणूनच ती जड जाते. पाचच्या सुमाराला वारा छान धरलेला असतो, समोरच्या गच्चीवरचा गुजराती शेजारी दोन पेचांनी पुढे असतो, आणि अशा वेळी दोरा गुंडाळायचा!

येथे मला एक अडचण दिसते, ती लपवण्यात अर्थ नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला वर्षात मोकळे आकाश किती वेळा मिळते? गोल्फवाल्याने दहा एकर गवत सोडले तर त्याला अजून नव्वद एकर उरतात. या माणसाला एकच गच्ची, तीही बहुधा घरमालकाची. दोघांकडे सारखाच त्याग मागणे न्यायाचे नाही. पण मान कापलेल्या शराटीला दोरा कुणाच्या हातात होता याच्याशी काही देणेघेणे नसते, हेही तितकेच खरे. म्हणून मी मागणे सोडणार नाही. फक्त आधी मोठ्या गच्च्यांकडे मागेन.

काच न लावलेल्या साध्या सुती दोऱ्यानेही पतंग उत्तम चढतो. दुसऱ्याचा मात्र सहजी कापता येत नाही. नुसते उडवायचे, कापायचे नाही, असा एक दिवस सुरतेत चालेल का, हे पुढच्या संक्रांतीला शेजारच्या गच्चीवर विचारून पाहावे. उत्तर गुजरातीत मिळेल, आणि ते फारसे सभ्य नसेल.